मायक्रोवेव्हमधलं गरम हाताला कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या घरी जे झालं ते तुम्हाला लिहून कळवायचं असं तेव्हापासून मनात होतं, आज रविवारी जरा वेळ मिळालाय म्हणून लिहायला बसलेय. माझ्या सासूबाईंचा उजवा हात मनगटापासून पार कोपराच्या जवळपर्यंत भाजला. वय ७३. आणि भाजला तो गॅसने नाही, कुकरने नाही, तेलाने नाही, नुसत्या पाण्याने. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या एक मग पाण्याने.

दुपारचे साडेतीन वाजले असतील, मी ऑफिसला, घरी त्या आणि माझा नववीतला मुलगा. आईंना (मी त्यांना आईच म्हणते) कॉफी प्यायची होती, एकटीपुरती, म्हणून पातेलं कशाला खराब करा असा विचार करून चिनी मातीच्या नव्या मगात पाणी घेतलं आणि ओव्हनला लावलं दोन मिनिटं. बेल वाजली, दार उघडून बघितलं तर पाणी अगदी शांत, एक बुडबुडा नाही, काही नाही. त्यांना वाटलं तापलंच नाही अजून, परत एक मिनिट लावलं. तरी तसंच. शेवटी मग उचलून ओट्यावर ठेवला आणि चमचाभर कॉफी पावडर टाकली, आणि त्याच क्षणी निम्मं पाणी फसकन उसळून त्यांच्या हातावर आलं. मुलगा म्हणतो आजी ओरडायच्या आधी त्याला आवाज ऐकू आला, सोड्याची बाटली उघडल्यासारखा.

पोराने डोकं चालवलं हे आमचं नशीब. त्याने शाळेत ऐकलेलं आठवून हात सरळ नळाखाली धरला आणि वीस मिनिटं धरून ठेवला. शेजारच्या काकू धावत टूथपेस्ट घेऊन आल्या होत्या, कुणीतरी बर्फ लाव म्हणालं, त्याने काहीच लावू दिलं नाही. डॉक्टरांनी नंतर त्याचंच कौतुक केलं, म्हणाले साधं नळाचं पाणी वीस मिनिटं, यापेक्षा चांगलं घरी काही करता येत नाही, पेस्ट-हळद-तूप लावून येतात आणि मग आम्हाला ते खरवडून काढावं लागतं. एक गोष्ट मात्र त्याला माहीत नव्हती आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हती, की हात भाजला की सूज यायच्या आत बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून घ्यायचं. दवाखान्यात पोचेपर्यंत हात सुजला आणि आईंच्या काचेच्या बांगड्या तिथे वाढवाव्या लागल्या. हाताच्या आगीपेक्षा त्यांना त्याचंच जास्त लागलं, रात्री जेवल्या नाहीत.

हात आता बरा आहे, डाग राहील थोडा. पण त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एकच चालू आहे. ५० वर्षं स्वयंपाक केलेली बाई, पुरणावरणाचा ५० माणसांचा स्वयंपाक एकहाती केलेली, ती नुसतं पाणी गरम करताना कशी काय भाजते? तर त्यांची चूक नाहीच. त्यांनी पाण्याकडे बघून ठरवलं की तापलंय का नाही, जसं आयुष्यभर ठरवत आल्या. गॅसवर आधण ठेवलं की पातेल्याच्या बुडाला आधी मोहरीएवढे बुडबुडे धरतात, मग कडेने येतात, मग आवाज बदलतो, मग खळखळ. हे आपल्याला कुणी शिकवत नाही, आईच्या पायात पायात करत ओट्यापाशी उभं राहून आपोआप कळतं. दूध वर यायला लागलं की दुसऱ्या खोलीतून वासावरून कळतं. मायक्रोवेव्हमध्ये यातलं काहीच होत नाही. तिथे डोळा फसतो, हात फसतो, आणि हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही.

मी मग वाचायला लागले, माझ्या ऑफिसातल्या एक मॅडम फिजिक्सच्या आहेत त्यांना विचारलं. त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं. गॅसवर पातेल्याचं बूड सगळ्यात जास्त तापतं आणि त्यावर ओरखडे असतात, खाचा असतात, तिथे वाफेचा बुडबुडा तयार व्हायला जागा मिळते. नवाकोरा गुळगुळीत मग किंवा काचेचा ग्लास असेल तर बुडबुड्याला सुरुवात करायला जागाच नसते, आणि मायक्रोवेव्ह भांड्याचं बूड न तापवता थेट पाणीच तापवतो, मग पाणी १०० अंशाच्या वर जातं तरी उकळत नाही. नुसतं दबा धरून बसतं. त्यात तुम्ही चमचा घाला, साखर टाका, कॉफी टाका, चहाची पुडी सोडा, किंवा मगाला नुसता धक्का लागू द्या, थांबलेली सगळी वाफ एकाच वेळी सुटते. पाण्याची वाफ झाली की ती १६०० पट जागा घेते म्हणे, म्हणून ते असं अंगावर येतं. आणि एकदा तापवलेलं पाणी परत तापवलं तर धोका जास्त, कारण पाण्यात विरघळलेली हवा पहिल्या खेपेलाच निघून गेलेली असते. आईंनी नेमकं तेच केलं होतं.

उपाय किती साधा आहे बघा. मगात तापवायच्या आधीच एक लाकडी चमचा किंवा बांबूची काडी उभी ठेवायची, बुडबुड्यांना धरायला जागा मिळते. आणि बेल वाजली की लगेच दार उघडायचं नाही, मिनिटभर आतच राहू द्यायचं, तोंड मगावर न्यायचं नाही. बस.

आणि वेळ. मॅडमनी कागदावर हिशोब मांडून दाखवला. २०० मिली पाणी, म्हणजे साधा कप, आपल्याकडचं नळाचं पाणी २५ अंशाचं धरलं, तर त्याला उकळी यायला ८०० वॉटच्या ओव्हनमध्ये हिशोबाने ८० सेकंद लागतात, थोडी उष्णता वाया जाते ती धरून दीडेक मिनिट. आईंनी सगळी मिळून तीन मिनिटं लावलं, जवळजवळ दुप्पट. पण त्यांना कोण सांगणार होतं? आमच्या ओव्हनवर वॉट किती हे मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं आहे, मला स्वतःला ते आठ वर्षांत पहिल्यांदा दिसलं, तेही ओव्हन पुढे ओढून मोबाईलचा टॉर्च लावल्यावर.

इथे तुमच्याकडे एक तक्रार आहे, रागावू नका. पेपरांच्या पुरवण्यांमध्ये मायक्रोवेव्हच्या रेसिपी येतात, ढोकळा, केक, काय काय, मी कात्रणं ठेवते, त्यात लिहिलेलं असतं "४ मिनिटे मायक्रो करा". कुठल्या ओव्हनमध्ये चार मिनिटं? ७०० वॉटच्या आणि ११०० वॉटच्या ओव्हनची चार मिनिटं सारखी नाहीत. गॅसची आच मंद का मोठी हे आपण लिहितो ना, तसंच हे वॉट लिहायला हवेत. एवढं जरी रेसिपीच्या खाली छापायला लागलात तरी खूप होईल.

दुसरी गोष्ट अशी की मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखं तापवत नाही. हे कुणाला पटत नसेल तर उडदाचा पापड ठेवून बघा, मी मुलाला घेऊन बघितलं. दार बंद करून काचेतून बघत बसलो. पापड एकदम भाजत नाही, आधी एका कडेला पांढरा ठिपका फुलतो, मग दुसरीकडे, मधेच एक रुपयाएवढी चकती कच्चीच राहते, पिवळट आणि चिवट, आणि तिची वाट बघत बसलो तर फुललेली बाजू करपते. पापडावर दिसतं म्हणून कळतं. तेच आमटीत होतं, भातात होतं, फक्त दिसत नाही. ते फिरणारं काचेचं ताट त्यासाठीच असतं, तरी पूर्ण भागत नाही. लहरी अन्नात इंच-दीड इंचच आत जातात, त्याच्या पुढचं मधलं जे आहे ते कडेच्या उष्णतेने हळूहळू तापतं, त्याला वेळ द्यावा लागतो. म्हणून मधे थांबवून ढवळायचं, खोल वाटीपेक्षा पसरट भांडं घ्यायचं, भाताचा डोंगर न करता मधे खळगा करून कडेने पसरायचा, आणि झाल्यावर दोन मिनिटं झाकून ठेवायचं.

गोड पदार्थांचं अजून वेगळं. होळीच्या दुसऱ्या दिवशी पोळ्या गरम करून देतो ना, वरचं आवरण नुसतं कोमट लागतं आणि आतलं पुरण कढत असतं. गूळ-साखर भराभर तापते. आमच्या भाचीची जीभ अशीच पोळली होती दोन वर्षांमागे, तेव्हा आम्ही तिलाच म्हणालो हावरटासारखी खाऊ नकोस. आता वाटतं त्या पोरीची काय चूक, तिने हात लावूनच बघितलं होतं.

आणि बाळाची दुधाची बाटली. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा थांबून लिहिते. माझ्या धाकट्या जावेला सात महिन्यांचं बाळ आहे, ती रात्री दोनला उठून बाटली तीस सेकंद ओव्हनला लावायची. बाटली हाताला कोमट लागायची. मी तिला म्हटलं एकदा झाकण काढून हलवून बघ आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघ. तिने टाकला आणि हात झटकला, बोलली काहीच नाही, बाळाकडे बघत राहिली. बाटलीचं प्लॅस्टिक तापत नाही, दूध तापतं, आणि दुधातही वरचा भाग वेगळा, मधला वेगळा. बाळाच्या तोंडात, घशात ते जातं, आणि त्याला सांगता येत नाही. जगभरचे बालरोगतज्ज्ञ सांगतात की बाटली मायक्रोवेव्हमध्ये तापवूच नका, एका वाडग्यात गरम पाणी घ्या आणि त्यात बाटली उभी ठेवा, चार-पाच मिनिटं लागतात. काढून ठेवलेलं आईचं दूध तर मुळीच नाही, जास्त तापलं की त्यातले बाळाला आजारापासून वाचवणारे घटकही कमी होतात. रात्री दोनला पाच मिनिटं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे, माझंही पोर लहान होतं. तरी थर्मासमध्ये गरम पाणी उशाशी ठेवा पण हे करू नका.

आता ऑफिसचं. आमच्याकडे ४० माणसं आणि एक ओव्हन, दीड वाजता रांग लागते, प्रत्येकाला एक मिनिट. एका मिनिटात डबा वरून गरम होतो आणि मधला भात फ्रीजसारखा गार. फ्रीजमधलं अन्न परत गरम करताना ते आतपर्यंत ७४ अंशांपर्यंत जावं असं सांगतात, म्हणजे मधोमध चमचा खुपसला तर तिथूनही वाफ आली पाहिजे, कडेची वाफ बघून भुलायचं नाही. आणि भाताची एक गोष्ट खूप लोकांना ठाऊक नाही. भातात एक जंतू असतो, बॅसिलस सेरियस नाव आहे, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला, त्यातून मे महिना असला, की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष मायक्रोवेव्हच काय, परत उकळूनही जात नाही. "चांगला वाफ येईपर्यंत गरम केला होता हो" असं म्हणून उलट्या होतात त्या यामुळे. तेव्हा उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, कडक उन्हाळ्यात तासाभरात, पसरट डब्यात म्हणजे लवकर गार होतो.

प्लॅस्टिकवर लिहायचं तर श्रीखंडाच्या डब्यापासून सुरू करावं लागेल. कुठलं मराठी घर असं आहे जिथे श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे रिकामे डबे धुऊन ठेवलेले नाहीत? आमच्याकडे एक अख्खा कप्पा आहे. ते डबे थंड वस्तूसाठी बनवलेले असतात, त्यात उसळ घालून ओव्हनला लावायची नाही. माझ्याकडे एक असा डबा होता, त्याला आतून बरोबर तर्रीच्या रेषेवर खरखरीत पांढरी कड आली होती, बोट फिरवलं की लागायची, खवले निघाल्यासारखी. मला वाटायचं घासणीने ओरखडलंय. ते ओरखडलेलं नव्हतं, तेल पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त तापतं आणि तेवढ्या रेषेवर प्लॅस्टिक विरघळून सुटलं होतं. कुठे गेलं ते? उसळीत, दुसरीकडे कुठे जाणार. त्याच दिवशी तो टाकला. डब्याच्या बुडाला त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते उष्णता सोसणारं प्लॅस्टिक, पण तेवढ्यावरही जाऊ नका, मायक्रोवेव्ह चालेल असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि तेलकट-गोड पदार्थ मी तर आता काचेतच करते. मेलामाइनच्या त्या सुंदर नक्षीच्या प्लेटा पण नकोत, त्या जेवायला चालतात, ओव्हनमध्ये नाही. सोनेरी कडेच्या बशा ठिणग्या मारतात. स्टीलचा डबा, अॅल्युमिनियमची फॉइल, कागदी पिशवीची स्टेपलची पिन, सगळं बाहेर. झाकण घट्ट लावून नाही, वाफेला वाट ठेवून. उकडलेलं अंडं सोललेलं असलं तरी नाही, ते बाहेर काढल्यावर तोंडात सुद्धा फुटू शकतं.

आणि पेपर. संपादक महाशय, तुमचा पेपर आम्ही प्रेमाने वाचतो पण वाचून झाल्यावर तो वड्याभोवती गुंडाळून ओव्हनमध्ये जातो, हे मी डोळ्याने बघितलंय. छपाईच्या शाईत जे असतं ते गरम तेलात सहज उतरतं. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच सूचना काढली होती आणि २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमात तर वर्तमानपत्रात अन्न बांधायला, तेल टिपायला बंदीच आहे. ओव्हनमध्ये वर आणखी पेट घ्यायची भीती. आत काही पेटलंच तर दार उघडायचं नाही, बंद करून प्लग काढायचा, हवा नसली की विझतं. हे तुम्हीच पहिल्या पानावर छापलंत तर लोक ऐकतील.

एक अजून, हल्ली सगळे कन्व्हेक्शनवाले ओव्हन घेतात, म्हणजे एकाच पेटीत मायक्रो, ग्रिल आणि भट्टी. भट्टीच्या मोडवर तो १८०-२०० अंश तापतो, तिथे मायक्रोवेव्हला चालणारं प्लॅस्टिकही वितळतं. माझ्या बहिणीने चुकून बटण वेगळं दाबलं आणि डबा ताटाला चिकटून बसला, घरभर धूर. मोड बघून मगच सुरू करायचं.

लोक मला विचारतात ते भलतंच विचारतात. "अगं ते रेडिएशन असतं ना, कॅन्सर होतो ना?" मी सांगते, बटण बंद झालं की लहरी बंद, दिवा बंद केल्यावर उजेड खोलीत साठून राहत नाही तसं, अन्नातही काही उरत नाही. दार नीट लागत असेल, वाकलेलं नसेल, कडेची पट्टी तुटलेली नसेल तर भिऊ नका, आणि दार बिघडलं असेल तर एक मिनिटही चालवू नका. दुरुस्ती मात्र घरी करायला जाऊ नका, आत एक कपॅसिटर असतो तो प्लग काढल्यावरही जीवघेणा करंट धरून ठेवतो. भीती वाटायची तर ती इथे वाटू दे, गरम मगाची वाटू दे, बाळाच्या बाटलीची वाटू दे.

आम्ही ओव्हन घेतला तेव्हा घरी डेमो द्यायला एक मुलगा आला होता, बिचारा चांगला होता, त्याने तंदुरी चिकन करून दाखवलं, केक करून दाखवला. आम्ही शाकाहारी, चिकन कशाला करू. आठ वर्षांत आम्ही त्यात काय केलं, तर पाणी, दूध, भात, पापड. ते एकही त्याने दाखवलं नाही. पुस्तक दिलं ते इंग्रजी आणि हिंदीत, धोक्याच्या सूचना सगळ्या पुढे आहेत पण आईंना त्या वाचून समजत नाहीत. महाराष्ट्रात विकतात ना, मग निदान दारावर लावायला मराठीतलं एक स्टिकर तरी द्या, कंपन्यांनो. आणि तुम्ही, संपादक साहेब, एक चौकट छापा, कापून ओव्हनवर लावता येईल अशी, मोठ्या अक्षरात, ७० वर्षांच्या माणसाला चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या.

तोपर्यंत आमच्याकडे आईंनी स्वतःच लिहिलंय. हाताची पट्टी सुटली त्या दिवशी त्यांनी कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या मागे निळ्या पेनाने लिहून सेलोटेपने दारावर चिकटवलं, "पाणी एक कप दीड मिनिट. आत लाकडी चमचा. बेल झाल्यावर साठ आकडे मोजणे. मग दार." काल संध्याकाळी मी घरी आले तेव्हा त्या ओव्हनसमोर उभ्या राहून मोजत होत्या, मला हाताने थांब म्हणाल्या आणि साठपर्यंत मोजून मगच माझ्याशी बोलल्या.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)